विक्कीची फुंक

नागपूरच्या सक्करदऱ्यात, तलावामागच्या वस्तीत पोरांची भाषणं बसवून द्यायचं काम वीस वर्षांपासून धम्मानंदकडे होतं. जयंती जवळ आली की विहारातून सुटलेली पोरं थेट त्याच्या दारात. कुणाला दोन मिनिटांचं भाषण हवं, कुणाला पाच. धम्मानंद आधी पोराला नुसतं बोलू द्यायचा, मग त्याच्या तोंडात मावतील तेवढेच शब्द कागदावर उतरवायचा, आणि कुठे थांबायचं, कुठे हात वर न्यायचा, टाळ्यांना कुठे जागा द्यायची हे सगळं घोटून घ्यायचा. स्वतः माणूस दहावी नापास. आणि गेली चार-पाच वर्षं तर त्याला स्वतःला सलग चार वाक्यं बोलता येत नव्हती. तिसऱ्या वाक्याला खोकला ठरलेला.

खोकला कुठून आला हे शोधायला डॉक्टर नको होता. शहराबाहेरच्या एका जुन्या वीजकेंद्रात धम्मानंद बावीस वर्षं ठेकेदाराकडे कामाला होता. कोळसा पट्ट्यावरून जातो, जाता जाता खाली सांडतो, तो फावड्यानं उचलून परत पट्ट्यावर टाकायचा. आठ तास हेच. तोंडाला दुपट्टा बांधला तरी घरी आल्यावर थुंकी काळी यायची. पक्क्या नोकरीवाल्यांना याच धुळीचे भत्ते होते, ठेकेदाराच्या माणसाला फक्त गेटपास होता. पास चालू तर माणूस चालू.

तो पास दर वर्षी नवा व्हायचा आणि त्याआधी तपासणी असायची. टिनाच्या शेडमध्ये एक टेबल, त्यावर एक यंत्र आणि यंत्राला पुठ्ठ्याची नळी. नळीत दम लावून फुंकायचं, यंत्र आकडा दाखवणार. आकडा कमी आला तर पास बंद. आजार कामातून झाला म्हणावं तर तो घरून आणला असेल हे उत्तर तयारच असायचं.

यावर कामगारांनी आपल्यापुरती तोड काढली होती. विक्की नावाचा एकोणतीस वर्षांचा गडी त्यांच्यात होता, कबड्डी खेळणारा, छाती ही एवढी. तपासणारा दर वर्षी नवा यायचा, आणि डोक्याला हेल्मेट, नाकावर नळीपुरता वर उचललेला दुपट्टा, वर काजळी, अशा अवतारात त्याला धम्मानंद कोण आणि विक्की कोण हे काय कळणार? विक्की रांगेत तीनदा उभा राहायचा. एकदा स्वतःच्या नावानं, एकदा धम्मानंदच्या, एकदा कवडूच्या. कवडू हा धम्मानंदचा जोडीदार, त्याच पट्ट्याखाली त्याच्याहून दोन वर्षं जुना. बदल्यात विक्कीनं कधी चहासुद्धा मागितला नाही. दम काय बँकेत ठेवाचा हाये का गा, म्हणायचा.

याला कुणी फसवणूक म्हणेल. म्हणो बापडा. ज्यानं फावडं धरलेलं नाही त्याच्या जिभेला काय जातं. धम्मानंदला आणखी चार वर्षं हवी होती, बस. मुलगी दीप्ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती शिकून कुठेतरी लागेपर्यंत पास टिकला पाहिजे, पुढचं पुढे.

दीप्ती ही त्यानं बसवलेल्या भाषणांचं सगळ्यात मोठं फळ. पाच वर्षांची असताना तिनं विहारात माईक धरला होता तो पुन्हा खाली ठेवलाच नाही. त्या वर्षी तिच्या कॉलेजनं तिचं नाव सीताबर्डीतल्या एका मोठ्या वादविवाद स्पर्धेला पाठवलं. विषय होता, सरकारी अनुदान सूर्याला की कोळशाला. या स्पर्धेची रीत अशी की कोणती बाजू मांडायची हे चिठ्ठीवर ठरणार, तेही पंधरा मिनिटं आधी. म्हणजे दोन्ही बाजू पाठ हव्यात.

मग काय, धम्मानंदच्या अंगात आलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी बापलेक तलावाच्या कडेला जाऊन बसायचे. तो कोळसा, ती सूर्य. आणि दर वेळी कोळसा जिंकायचा. सूर्य सहाला घरी जातो आणि आपला कूलर तेव्हाच सुरू होतो, तो कशावर चालवशील, असं तो विचारायचा. छतावरच्या पॅनेलला सरकार पैसे देतं, पण कोणाच्या छतावरच्या? ज्याला स्लॅब आहे त्याच्या. आपल्या वस्तीत टिनं. म्हणजे बंगलेवाल्याचं बिल शून्यावर येणार आणि ते शून्य आपल्या करातून भरलं जाणार, ही कुठली हिरवी वीज? दीप्ती म्हणायची की कोळशालाही सरकार देतंच, फक्त त्याला अनुदान म्हणत नाही. स्वस्तात जमीन देतं, नदीचं पाणी देतं, बुडालेलं कर्ज सांभाळून घेतं. ते दिसत नाही, सूर्याला दिलेलं तेवढं डोळ्यात खुपतं.

मुद्दा बरोबर होता. धम्मानंदलाही पटत होता. पण तो मान हलवायचा आणि म्हणायचा की ऐकणारा जांभई देईल.

तिसऱ्या रविवारी दीप्ती चिडली. मग तुम्हीच सांगा, म्हणाली, सूर्याच्या बाजूनं काय बोलू? मग त्यानं तिला सांगितलं, की कोळशाची वीज स्वस्त का पडते ते विचार. उरलेला भाव कोण भरतं ते विचार. आणि मग त्यानं तिला विक्कीची गोष्ट सांगितली, हसत हसत, मध्ये दोनदा खोकून. घरात ही गोष्ट आजवर कुणाला ठाऊक नव्हती.

"हे सांग त्याईले," तो म्हणाला. "बाकीचं तं पेपरात येते. पेपर त्याईनंबी वाचला हाये. हे कोनाच्या पेपरात नाही."

घरी आल्यावर दीप्तीनं ते भाषण म्हणून दाखवलं तेव्हा तिची आई कौसल्या कणीक मळत होती. मंगल कार्यालयांत पोळ्या लाटून तिनं हे घर अर्धं उचललं होतं, आणि लग्नघरांतली भांडणं ऐकून तिला एक गोष्ट पक्की कळली होती, की चारचौघांत निघालेला शब्द परत घरात येताना एकटा येत नाही. तिनं हात तसेच परातीत ठेवून विचारलं, "घरातलं चौकात काहून नेऊन राहिले तुमी? उद्या हेच अंगावर येईन."

धम्मानंद म्हणाला, नाव कुठं घ्यायचं आहे? नाव घेणार नाही तर कुणाला कळेल? आता याला काय म्हणावं. कोळशात काम करणारा कबड्डीचा गडी म्हटलं की वस्तीतलं शेंबडं पोरही विक्कीच्या दारात नेऊन सोडेल. पण माणूस भाषणाच्या धुंदीत असला की त्याला फक्त टाळ्या ऐकू येतात. वीस वर्षं त्याची भाषणं विहारात झाली होती. समोर बसलेला प्रत्येक जण आपला असायचा. सभागृह म्हणजे तसंच काहीतरी, फक्त खुर्च्या गाद्यांच्या, असं त्याला वाटलं. चूक म्हणाल तर एवढीच, आणि ही चूक त्याच्यासारख्यालाच होऊ शकत होती.

स्पर्धेच्या दिवशी धम्मानंदनं कामावर खाडा केला. कवडूही आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कारण दीप्तीला त्यानं कडेवर खेळवलं होतं. चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. दीप्तीला सूर्य निघाला. कोळसा निघाला असता तर विक्कीची गोष्ट त्या दिवशी तशीच घरी परत गेली असती, पण तशी ती जायची नव्हती.

तिच्या आधी उन्मेष नावाचा मुलगा कोळशाच्या बाजूनं बोलला आणि चांगला बोलला. त्याचा बाप वीजखात्यात साहेब होता, पण मुलगा साहेबी थाटात बोलला नाही. तो म्हणाला की अनुदान काढून घेतलं तर वीजकेंद्राचं काही बिघडत नाही, पहिल्यांदा पोट जातं ते ठेक्यावरच्या मजुराचं, आणि त्या मजुराला सौर पॅनेल जेवायला घालत नाही. कवडूनं धम्मानंदच्या कानात सांगितलं की पोरगं खोटं बोलत नाही. धम्मानंदनंही मान डोलावली.

मग दीप्ती उठली. पहिली दोन मिनिटं जमीन, पाणी आणि कर्ज यांत गेली. मग ती बापानं शिकवलेल्या जागी थांबली. सभागृहातली कुजबुज निमेपर्यंत थांबून राहिली.

"कोळशाला अनुदान कोण देतं, यावर इथे सकाळपासून वाद चालू आहे," ती म्हणाली. "मी सांगते. माझे बाबा देतात. वर्षातून एकदा त्यांची फुंक मोजतात. त्यांची स्वतःची फुंक आता पुरत नाही, म्हणून त्यांच्या नावानं दुसराच एक माणूस फुंकतो. तो कबड्डी खेळतो. एका छातीतून तीन माणसांचा श्वास निघतो आणि कागदावर तिघंही धडधाकट ठरतात. तुमची वीज स्वस्त आहे ना? त्यातला फरक ही माणसं भरतात. हे अनुदान कुठल्याच अर्थसंकल्पात लिहिलेलं नाही."

टाळ्या थांबेनात. कवडू रडत होता आणि टाळ्या वाजवत होता, दोन्ही एकदम. धम्मानंदला खोकला आला तो त्यानं दुपट्ट्यात दाबून धरला, कारण आजूबाजूचे लोक आता त्याच्याकडे वळून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खोकल्याला मान मिळत होता. दीप्तीला पहिलं बक्षीस मिळालं. बाहेर आल्यावर कवडूनं सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि म्हणाला, पोरीनं आपली गोष्ट सांगितली, आता मेलो तरी हरकत नाही. सुखात माणूस काहीही बोलतो.

कॉलेजनं भाषणाचा व्हिडिओ टाकला. शाबासकीच्या पोटीच टाकला, दुसरा हेतू नव्हता. आठ दिवसांत तो नागपूरभर फिरला, आणि फिरत फिरत विक्कीच्या मोबाइलवर आला. विक्कीनं तो डब्याच्या सुट्टीत पाहिला, दोनदा पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवला. नुकतंच त्याचं लग्न जमलं होतं. मुलीकडच्यांनी नोकरी बघूनच होकार दिला होता. धम्मानंदला तो एवढंच म्हणाला की दीप्ती लय भारी बोलली, फक्त कबड्डीचं नसतं सांगितलं तर बरं झालं असतं. त्या बोलण्यात राग असता तर धम्मानंदला सोसला असता. राग नव्हता.

पुढच्याच सोमवारी तिघांचे पास गेटवर चालले नाहीत.

गोपाळराव हा ठेकेदाराचा सुपरवायझर. महाल भागातल्या जुन्या घरातला, कपाळाला गंध, बोलायला मऊ. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. त्यानं धम्मानंदला चहाच्या टपरीवर नेलं, स्वतः कप पुढे केला आणि हलक्या आवाजात सांगितलं की वरून विचारणा झाली आहे. तपासणी खोटी निघाली तर ठेका जाईल. ठेका गेला तर तीन नव्हे, तीनशे माणसं घरी बसतील. मग त्यानं उपाय सांगितला.

"पोरीले एक छोटा व्हिडिओ कराले लाव. स्पर्धेसाठी कल्पनेनं रचलं होतं, म्हनावं. तिघांचे पास मी स्वतः चालू करून देतो."

धम्मानंद घरी गेला आणि दुपारी दीप्ती कॉलेजातून येईपर्यंत दाराकडे तोंड करून बसून राहिला. भाषणं बसवणाऱ्या माणसाला सुरुवात कशी करायची ते सुचेना. शेवटी त्यानं गोपाळरावचे शब्द जसेच्या तसे सांगून टाकले. दीप्तीनं पिशवी खांद्यावरून काढलीसुद्धा नाही.

"म्हंजे मी खोटं बोलली, असं सांगू?"

"हो."

"पन ते खरं हाये, बाबा."

"खरं हाये म्हनूनच तं म्हनून राहिलो."

ती आत गेली. जेवली नाही. दोन दिवस बापाशी बोलली नाही आणि आईशी फक्त कामापुरतं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की मी नाही म्हटलं तर विक्कीदादाचं काय होईल. धम्मानंदनं खोटं सांगितलं नाही. लग्न मोडेल, म्हणाला. तेव्हा ती उठली आणि तोंड धुऊन आली.

कौसल्यानं भिंतीवर साधी चादर लावून दिली. पहिल्या वेळी दीप्ती नुसतं वाचल्यासारखं बोलली; गोपाळरावनं तर बजावलं होतं की जबरदस्तीनं बोलवलंय असं दिसता कामा नये. मग धम्मानंदनं ते बसवलं. खरंच बसवलं, नेहमीसारखं. वाक्यं तोडून लहान केली. 'कल्पनेनं' या शब्दावर थोडं हसायला सांगितलं. शेवटी हात जोडायचे, पण खाली न बघता, हेही दाखवलं. तो हे करत होता आणि त्याला स्वतःची इतकी किळस येत होती की घशाशी आलेला खोकला त्यानं मुद्दाम येऊ दिला, म्हणजे मध्ये थांबता येईल. पाचव्या वेळी दीप्ती हसली. स्पर्धेच्या भरात जरा जास्तच रंगवलं मी, म्हणाली, माझे बाबा आणि त्यांचे सगळे मित्र अगदी ठणठणीत आहेत. एकही शब्द अडखळला नाही. कौसल्या पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली ती परत आली नाही.

वीस वर्षांत धम्मानंदनं बसवलेलं सगळ्यात पक्कं भाषण हेच होतं.

स्पर्धावाल्यांनी बक्षीस परत मागितलं. कल्पित गोष्ट खरी म्हणून सांगणं नियमात बसत नाही, असं पत्र आलं. त्यांचंही बरोबरच होतं. दीप्तीनं बक्षिसाची ढाल कापडी पिशवीत घातली आणि एकटी सीताबर्डीला जाऊन देऊन आली. वस्तीत कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण त्या जयंतीला भाषण मागायला धम्मानंदच्या दारात तीनच पोरं आली.

पास चालू झाले, गोपाळराव शब्दाला जागला. नऊ दिवस चालू राहिले. दहाव्या दिवशी वरून हुकूम आला की सगळ्यांची तपासणी नव्यानं होणार, अंगठा लावून आणि कॅमेऱ्यासमोर. गोपाळराव म्हणाला, हे माझ्या हातात नाही. नव्हतंच. त्याच्या हातात फक्त टपरीवरचा चहा होता.

धम्मानंदनं फुंकलं. आकडा इतका खाली आला की तपासणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखं वाटलं आणि त्यानं पुन्हा फुंकायला लावलं. दुसरा आकडा पहिल्याहून कमी होता. कवडू फुंकता फुंकता खाली बसला तो त्याला चौघांनी उचलून बाहेर आणला. विक्कीचा आकडा भरभक्कम आला, आणि त्याचाही पास गेला. पत्रात लिहिलं होतं की प्रसारित झालेल्या व्हिडिओवरून त्यानं इतरांच्या नावे तपासणी दिल्याचं दिसतं. दीप्तीनं जो खोटा म्हणून सांगितला होता, तोच व्हिडिओ इथे खरा धरला गेला होता.

विक्कीचं लग्न मोडलं. कवडू घरी खाटेवर पडला, बसून झोपू लागला, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. त्याच महिन्यात वीजकेंद्राच्या जुन्या राखेच्या मैदानावर सौर पॅनेल बसवायचं ठरलं. सरकारचं अनुदान तिकडेही मंजूर झालं आणि ठेकाही त्याच ठेकेदाराला मिळाला. पॅनेल पुसायला माणसं हवी होती. अट एकच, तपासणीत पास झालेला माणूस हवा. सूर्य की कोळसा या वादाचा निकाल धम्मानंदला असा घरबसल्या कळला.

मग तिघांनी मिळून भरपाईचा अर्ज केला. अर्ज एकच होता, त्याखाली तीन सह्या. दोघांचा आजार कामातून झाला आणि तिसऱ्याला त्याच पायी काढलं, असा त्याचा मजकूर होता. तो दीप्तीनंच लिहून दिला, साध्या शब्दांत. तोपर्यंत वीजकेंद्राच्या वकिलाचं एक पत्र तिच्या कॉलेजात येऊन पोचलं होतं. पहिला व्हिडिओ बदनामीचा आहे की नाही हे चौकशीनंतर ठरवू आणि मग मुलीवर काय कारवाई करायची ते पाहू, असं त्यात होतं. प्राचार्यांनी तिला बोलावून ते वाचून दाखवलं आणि पाणी दिलं.

चौकशी एका दुपारी ठेकेदाराच्या ऑफिसात झाली. कवडू येऊ शकला नाही, विक्की आला नाही. धम्मानंद आणि दीप्ती बाकावर बसले. चौकशीला नेमलेले साहेब निवृत्त अधिकारी होते, वयस्क, चष्मा पुसत पुसत बोलणारे. शेजारी टंकलेखनाला एक कारकून. साहेबांनी आधी पहिला व्हिडिओ लावला, मग दुसरा. भिंतीवरच्या पडद्यावर दीप्ती दोनदा बोलली. दोन्ही वेळा तिच्यावर विश्वास बसत होता.

"आता माझी अडचण ऐका," साहेब म्हणाले. "पहिला खरा मानला, तर तुम्ही फसवून पास घेतले. फसवणाऱ्याला भरपाई देता येत नाही. दुसरा खरा मानला, तर तुम्हाला आजारच नव्हता."

धम्मानंद म्हणाला की नव्या तपासणीचा आकडा तर खोटा नाही. साहेबांनी फाइल उघडली. आतापर्यंतचे सगळे कागद त्यात लावून ठेवलेले होते, दर वर्षीचे. प्रत्येक कागदावर धम्मानंदची फुंक एखाद्या पैलवानाची असावी तशी होती. कवडूचीही. साहेब म्हणाले की मागल्या वर्षापर्यंत ही छाती अशी होती. काम तेच, धूळ तीच. मग मधल्या काही महिन्यांत जे बिघडलं ते कामानंच बिघडलं, असं कोणत्या आधारावर लिहू? धम्मानंदनं एकेका आकड्यावर बोट ठेवून ते वाचले. विक्कीनं जीव ओतून फुंकलं होतं, एकदाही हात राखला नव्हता. त्याच्या चांगुलपणाचा एकेक कागद आता त्यांच्याच विरुद्ध उभा होता. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यांनी आपल्याच हातानं खणलेली.

"एकच मार्ग आहे," साहेब म्हणाले. "मुलगी इथेच आहे. कधी खरं बोलली ते तिनंच सांगावं. ती सांगेल ते आपण लिहून घेऊ."

दीप्ती उभी राहिली. तिचा चेहरा धम्मानंदला पाठ होता. बोलायच्या आधी ती एकदा ओठ मिटून घ्यायची, तसे तिनं मिटले. ती काय बोलणार हे त्याला कळलं. पहिलं खरं, असंच ती सांगणार होती. आणि ते एकदा कागदावर आलं की कॉलेजातलं ते पत्र तिच्यामागे लागणार, दुसऱ्या व्हिडिओतलं खोटंही तिच्याच नावावर चढणार. कवडूचं काय, विक्कीचं काय, हे त्याला त्या वेळी सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. खाली तीन सह्या असलेला अर्ज साहेबांच्या समोरच पडला होता. पण समोर उभी होती ती त्याची मुलगी. त्यानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तिले काही इचारू नका साहेब," तो म्हणाला. "दोन्ही टायमाले म्या जसं सांगतलं, तसंच ते बोलली. तिचं सोताचं त्यात काहीच नाही."

दीप्तीनं हात सोडवायचा प्रयत्न केला. त्यानं सोडला नाही. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, दोन्ही वेळा? धम्मानंद म्हणाला, दोन्ही वेळा. साहेबांनी कारकुनाला खूण केली. दोन मिनिटांत कागद छापून आला आणि धम्मानंदच्या समोर ठेवला गेला, सही करायची जागा पेन्सिलीनं दाखवून.

त्यात दोनच ओळी होत्या. दोन्ही वेळी मुलीला आपणच पढवले, असे अर्जदाराने मान्य केले आहे. सबब मुलीचे कोणतेही कथन पुराव्यात धरता येत नाही व अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

धम्मानंदनं कागद दोनदा वाचला, जसा तो प्रत्येक भाषणाचा कागद वाचायचा, चुकलेला शब्द शोधत. एकही शब्द चुकीचा नव्हता. त्यानं सही केली.